तोलाची काडी

त्या मुलखात दाण्यांची ददात नव्हती, तरी तिथे कोणी स्वस्थपणे जेवत नसे.

मुलूख लहानच होता. चारी बाजूंनी दगडी गडगा, मधोमध तिरक्या बुंध्याचे एक जुने जांभळीचे झाड, आणि त्या झाडाच्या आडव्या फांदीला टांगलेला एक वाळका भोपळा. भोपळ्याच्या पोटाला मुठीएवढे भोक होते आणि रोज उजाडताना तो बाजरी, राळे आणि भरडलेल्या मक्याने काठोकाठ भरलेला असे. कोण भरते, कशासाठी भरते, उद्या भरेल की नाही, हे तिथल्या कुणालाही माहीत नव्हते. विचारायचे कुणाला, हेही ठाऊक नव्हते. त्यामुळे सगळे खात आणि खाताना एक डोळा भोपळ्यात, तर दुसरा शेजाऱ्याच्या चोचीवर ठेवत. चिमण्या अर्धे खात, अर्धे सांडत. मुनियांचा थवा एकदम येई आणि पान हलले तरी एकदम उडे. बुलबुलांचे भांडण जेवणाआधी सुरू होई ते जेवण झाल्यावरही चालू राही. उपाशी कोणीच नव्हते. घाई मात्र सगळ्यांना होती.

त्याच झाडाच्या बुंध्याशी एका ढोलीत एक खार राहत असे. तिला सगळे खारूताई म्हणत. ती अधूनमधून बुंध्यावरून वर चढे, फांदीवरून उलटी लटकून भोपळ्यात तोंड घाली, गाल भरून घेई आणि निघून जाई. ती गेल्यावर भोपळा असा हेलकावे खाई की बरेचसे दाणे खाली सांडत. ते वेचायला होला आणि होली ही कबुतरांच्या जातीची जोडी झाडाखाली तयारच असे. दोघेही जड अंगाचे, लटकत्या भोपळ्यावर बसणे त्यांना कधी जमले नव्हते. खारूताई आली की त्यांचे जेवण झाले, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मग एके दिवशी भोपळा दुपारच्या आत रिकामा झाला.

कदाचित त्या पहाटे तो कमीच भरला गेला असेल. कदाचित चिमण्यांनी नेहमीपेक्षा जास्त सांडले असेल. पण रिकाम्या भोपळ्याच्या तोंडातून त्या वेळी बाहेर लोंबत होती ती खारीची झुबकेदार शेपटी, आणि एवढी शेपटी डोळ्यांसमोर असताना बाकीच्या कारणांच्या मागे कोण लागणार?

सगळ्यात जास्त धसका घेतला तो साळुंकीने. गडग्याच्या भिंतीत एका भोकात तिचे घरटे होते. तिचा जोडीदार गडग्यापलीकडे किडे शोधायला गेला होता तो परतलाच नव्हता, आणि घरट्यात नुकतेच अंड्याबाहेर आलेले एक पिल्लू चोच वासून बसले होते. दाणे चोचीत भिजवून, मऊ करून ती त्याला भरवत असे. भोपळा रिकामा पाहून ती हादरलीच. आणि साळुंकी हादरली की तिचा आवाज चढतो.

"बघितलंत ना?" ती फांदीवर येऊन ओरडली. "आपण एकेक दाणा टिपतो. ती गाल भरभरून नेते. खाते किती आणि मातीत पुरते किती, कुणी बघितलंय? तिला पंख आहेत का? अंडी घालते का ती? मग पाखरांच्या भोपळ्यात तिचं काय काम?"

भोपळा पाखरांचा आहे हे त्या क्षणापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हते. ते कळल्यावर मात्र सगळ्यांना फार बरे वाटले. त्या दिवसापासून खारीला खारूताई म्हणणे बंद झाले. बोलायची वेळ आलीच तर नुसते 'ती' म्हणत आणि मान बुंध्याकडे वळवत.

पहिला उपाय मिरच्यांचा झाला. गडग्याकडेच्या झुडपावरच्या वाळक्या लवंगी मिरच्या चोचींनी तोडून आणल्या, ठेचल्या आणि दाण्यांत मिसळल्या. पाखरांच्या जिभेला तिखट लागत नाही, त्यामुळे त्यांना काहीच झाले नाही. खार आली, तिने तोंड घातले आणि ती अशी काही शिंकू लागली की बुंध्यावरून घसरतच खाली गेली. मातीत नाक घासत ती गरागरा फिरत होती आणि वर सगळा मुलूख हसत होता. एवढे मनापासून तिथे बऱ्याच दिवसांत कोणी हसले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. शिंकली, खाल्ले, पुन्हा शिंकली. तिच्या शिंकांनी भोपळा इतका हलला की नेहमीच्या दुप्पट दाणे खाली पडले. होला-होलीने त्या दिवशी पोट तुडुंब भरेपर्यंत खाल्ले आणि झाडाखालीच डुलकी काढली.

साळुंकीला ते बघवेना. तिने सुगरण पक्ष्याला बोलावणे पाठवले.

या सुगरण पक्ष्याला सगळे विणकर म्हणत. स्वतःच्या कारागिरीवर तो बेहद्द खूश असे आणि कुणी विचारले नाही तरी खोप्याला सापाची वाट कशी चुकवायची हे समजावून सांगे. त्याने भोपळ्याभोवती दोन घिरट्या घातल्या आणि कामाला लागला. गवताच्या चिवट पात्यांची एक झाप विणून त्याने ती भोकाच्या वर अशी बसवली की वरून लटकून कुणाला तोंड घालता येऊ नये, आणि भोकासमोर एक लवचीक काडी जोडली. काडीवर कोणी बसले आणि ती खाली वाकली, की तिला बांधलेला धागा ताणला जाई आणि झाप खटकन भोकावर पडे. काडी वाकली नाही तर झाप वरच राही.

"आता एवढंच सांगा," विणकर म्हणाला, "किती वजनाला पाडू?"

"खारीच्या," साळुंकी म्हणाली. "ती बसली की पडली पाहिजे."

"मग तुम्ही बसलात तरी पडणार, साळूबाई. तुमचं नि तिचं वजन एकच आहे. मी दोघींना एकाच डहाळीवर बसलेलं पाहिलंय, डहाळी सारखीच वाकते."

कुठल्याशा चिमणीला हसू आवरले नाही. साळुंकीला तिथेच सगळे मोडीत काढता आले असते. हा उपाय नको, दुसरे काही बघू, एवढे म्हणायचे होते. पण इतक्यांच्या समोर, आणि तेही त्या खारीच्या बरोबरीने तोलले जाणे तिला झोंबले. तिने मान ताठ केली.

"तिच्याहून कमी ठेव. माझं मी बघून घेते. दोन दिवस कमी खाल्लं म्हणून कुणी मरत नाही."

तिच्या या बाणेदारपणाचे फार कौतुक झाले. पोटात अन्न नसताना कौतुक जास्तच गोड लागते, याचा अनुभव तिला पुढचे बरेच दिवस यायचा होता.

अशी तोल द्यायची रीत सुरू झाली. ज्याला खायचे त्याने काडीवर दोन्ही पायांनी उभे राहायचे, पंख पूर्ण मिटायचे आणि क्षणभर श्वास रोखायचा. पंख फडफडवत राहिले की भार कमी पडतो, म्हणून फडफडणे ही लबाडी ठरली. हे सगळे बघायला शेंड्यावर एक राखणदार हवा होता. त्या जागी ठिपकी नावाची मुनिया नेमली गेली. ती काडीवर बसली तर काडीला पत्तासुद्धा लागत नसे आणि मुलखात यापेक्षा मोठी लायकी आता दुसरी कुठलीच उरली नव्हती.

पहिल्या दिवशी खार आली, काडीवर उतरली आणि तिच्या नाकासमोर झाप पडली. तिने ती नखांनी खरवडून पाहिली. मग मान वर करून फांदीवर रांगेने बसलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि निघून गेली. "हरली! हरली!" असा एकच गिल्ला झाला. झाडाखाली होला-होली मात्र संध्याकाळपर्यंत माना वर करून उभे होते. भोपळा हलला नाही. खाली काही पडले नाही. चिमण्यासुद्धा आता सांडत नव्हत्या, कारण काडीवर हालचाल करायची सगळ्यांना धास्ती वाटे.

काही दिवसांनी होला गडग्याखाली येऊन उभा राहिला. "साळूबाई, खाली काही पडत नाही हो आता."

"मग वर या की. तोल द्या आणि पोटभर खा. तुम्हाला कुणी अडवलंय का?"

होल्याने वर काडीकडे पाहिले, मग शेजारी उभ्या असलेल्या होलीच्या गोल अंगाकडे पाहिले. "नाही, अडवलं कुणीच नाही," तो म्हणाला. पुढे केव्हातरी दुपारचे त्यांचे घुमणे ऐकू येईनासे झाले. ते कधी गेले हे कुणाला नेमके सांगता आले नसते, आणि कुणी विचारलेही नाही. होले कधी कुणाच्या अध्यात नव्हते, ना मध्यात.

साळुंकीने आपला शब्द पाळला. स्वतः अर्धे खायचे, उरलेले पिल्लाला न्यायचे, असे तिने चालवले. तिच्या छातीचे हाड वर आले, अंग बुलबुलाएवढे उरले, आवाज तेवढा तसाच राहिला. झाप तिच्यासमोर कधी पडली नाही. उतरताना तिचे पाय लटपटत, पण ते कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून ती उतरल्याबरोबर काहीतरी बोलू लागे. लोकांना वाटे, साळूबाईंचा उत्साह काय सांगावा!

आणि मग जे व्हायचे तेच झाले. खार उपाशी राहिली, म्हणून वाळली. वाळली, म्हणून हलकी झाली. हलकी झाली, म्हणून एका सकाळी ती काडीवर उतरली तेव्हा काडी वाकली नाही. उघड्या झापेखालून तिने भोपळ्यात तोंड घातले आणि सगळ्यांच्या देखत खाऊ लागली. तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. पण त्या वेळी बरगड्या कुणी पाहिल्या नाहीत. "फसवलं! फसवलं!" म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडले. ती बुंध्यावरून खाली उतरली, गडगा ओलांडला आणि पलीकडच्या वाळल्या गवतात दिसेनाशी झाली. पुन्हा ती त्या मुलखात कुणाला दिसली नाही.

आता तरी सगळे निवांत झाले असते. पण दिसत नाही म्हणजे नाहीच, याची खात्री कोण देणार? उलट ती दिसत होती तोवर ती कुठे आहे हे तरी कळत होते. आता प्रत्येक पानाआड ती होती. वाऱ्याने शेंगेचा खुळखुळा वाजला तरी ठिपकी किंचाळे आणि सगळे खाणे टाकून उडत. विणकराला पुन्हा बोलावले. त्याने काडी आणखी नाजूक केली आणि पुढे प्रत्येक नव्या भीतीसरशी तो धागा आणखी ताणत गेला. कुणीतरी म्हणाले, तिने पंख लावले असतील. कुणीतरी म्हणाले, ती आपल्यातच येऊन बसली असेल. शेजारी बसलेल्याकडे सगळे नव्याने बघू लागले. दोन चिमण्यांनी एकमेकींच्या शेपट्या ओढून खात्री करून घेतली आणि नंतर कधीच एकमेकींशी बोलल्या नाहीत.

शेवटी हा गोंधळ साळुंकीनेच मिटवला. "चेहरे बघत बसू नका," ती म्हणाली. "चेहऱ्यावर काही नसतं. येणारा कसा येतो ते बघा. हवेतून येईल तो आपला. बुंध्यावरून चढत येईल ती खार. मग ती काही सांगो, काही दाखवो, एक शब्द ऐकायचा नाही. वरच्यावर टोचून खाली पाडायची."

नियम सोपा होता, सगळ्यांना लगेच पाठ झाला.

याच सुमारास एक बुलबुलीण काडीवर उतरली आणि झाप पडली. ती पुन्हा उतरली, झाप पुन्हा पडली. "मी तीच आहे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पोटात अंडी आहेत, म्हणून जड झालेय."

सगळ्यांनी साळुंकीकडे पाहिले. ती स्वतः आई होती, काहीतरी म्हणेल असे वाटले असावे. साळुंकीला खरोखरच वाईट वाटले. पण एकीसाठी काडी सैल केली की उद्या कोण काय पोटात घेऊन येईल, याचा नेम नव्हता. "अंडी घालून मग ये," ती म्हणाली.

"अंडी घालायला आधी खावं लागतं, साळूबाई."

ठिपकीने वरून "पुढचा!" म्हणून हाक दिली आणि रांग पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकी काडीवर उतरली. पंख मिटले, श्वास रोखला. काडी थरथरली, किंचित वाकली आणि झाप खटकन तिच्या चोचीवर पडली.

कोणी हसले नाही. हसले असते तर तिला बरे वाटले असते. ठिपकीने शेंड्यावरून तिला नीट पाहिले आणि जसे सगळ्यांना म्हणे तसेच म्हटले, "पुढचा!"

घरट्यात पिल्लू चोच वासून होते. कालच्या घासानंतर त्याच्या पोटात काही गेले नव्हते. आता त्याला आवाज फुटू लागला होता, पण भुकेने तो घशातच अडकत होता. कुणाकडे तरी चार दाणे मागावेत असे साळुंकीच्या मनात आले आणि ती बुलबुलीण राहत असे त्या झुडपापर्यंत गेलीसुद्धा. तिथून ती तशीच परत फिरली. काय तोंडाने मागणार? अजून थोडे हलके व्हायचे, एवढेच आपल्या हातात आहे, असे तिने ठरवले. आजवर ते जमले होते, पुढेही जमेल.

पण अंगावर आता मांस उरले नव्हते. उरली होती ती पिसे.

पहिले पीस तिने शेपटीचे उपटले. दुखले, पण सोसवले. मग पाठीवरची, मग छातीवरची मऊ, मग पंखांखालची. घरट्याजवळच्या एका बारीक डहाळीवर ती मधूनमधून बसून बघे. डहाळी अजून वाकत होती. मग तिने पंखांतली लांब पिसे धरली. ती खोल रुजलेली असतात, सहज निघत नाहीत. एकेक ओढताना तिच्या डोळ्यांत पाणी येई आणि समोर पिल्लू आ वासून तिच्याकडे बघत राही. दुपार कलली तेव्हा भिंतीखाली तपकिरी-काळ्या पिसांचा ढीग पडला होता. ती डहाळीवर बसली. डहाळी हलली नाही.

साळुंकीला आनंदाचे भरते आले. इतके दिवस तिला असे हलके वाटले नव्हते. "आलेच हं मी," ती पिल्लाला म्हणाली, "आज पोटभर आणते." आणि नेहमीच्या सवयीने तिने भिंतीवरून झाडाकडे झेप घेतली.

ती सरळ खाली पडली.

मातीतून उठून तिने पुन्हा पंख पसरले. तिथे दोन बोडके हात होते. ते तिने जोरजोरात हलवून पाहिले. धूळ उडाली, पाय जमिनीवरच राहिले. वर भोपळा टांगलेला होता, काठोकाठ भरलेला. झापेच्या फटीतून बाजरीचा एक दाणा बाहेर डोकावत होता. ती झाडापाशी आली. जांभळीचा बुंधा तिरका होता आणि सालीला खाचा होत्या. तिने एका खाचेत नखे रोवली, मग दुसऱ्या. अंग सालीला चिकटवून, थांबत, पुन्हा थोडे वर सरकत ती चढू लागली. फांदीपर्यंत पोचायचे, उलटे लटकायचे, काडीवर पाय ठेवायचे. काडी वाकणार नाही, हे तिला पक्के माहीत होते.

ती अर्ध्यावर आली असेल, तोच शेंड्यावरून ठिपकीची किंकाळी आली.

"खार! खार! बुंध्यावर खार!"

"कुठाय? कुठाय?" साळुंकी ओरडली. तिने मान वळवून खाली पाहिले, मग बुंध्याच्या पलीकडे वाकून पाहिले. बुंध्यावर कोणी नव्हते. वर पाहिले तेव्हा सगळ्या चोची तिच्याच दिशेने वळलेल्या होत्या आणि फांद्या सोडून पाखरे खाली झेपावत होती.

गिल्ला वाढत गेला. चिमण्या, बुलबूल, मुनिया, सगळे एका सुरात ओरडत होते. त्यात एक आवाज नवा होता, कोवळा आणि चिरका, गडग्याच्या भिंतीतून येणारा. तिचे पिल्लू घरट्याच्या तोंडाशी येऊन, बुंध्यावरच्या त्या बोडक्या जिवाकडे बघत, सगळ्यांबरोबर जिवाच्या आकांताने ओरडत होते, "खार! खार!" त्याला आयुष्यात नीट बोलता आलेला तो पहिलाच शब्द होता.